मध्यांतरापर्यंत थांबा

१

दातोबा संध्याकाळी घरी यायचा तो पाय ओढतच. दिवसभर दातांच्या लॅबमध्ये बसून परक्यांच्या हिरड्यांचे साचे ओतायचे, मेणात एकेक दात रोवायचा, कवळी घासूनपुसून डबीत घालायची आणि दुसरी हातात घ्यायची. आईबापांनी नाव चांगलं ठेवलेलं होतं. पण लॅबमध्ये कुणीतरी एकदा दातोबा म्हणालं आणि ते असं चिकटलं, की आता फोनवर तो स्वतःही तेच सांगायचा. पन्नाशी उलटली होती. नखांतलं प्लॅस्टर साबणानंही निघत नसे, आणि त्यानं ते काढायचा नाद सोडून दिला होता.

घर दोन खोल्यांचं. बाहेर तो, आत बाबा. बाथरूममध्ये पडल्यापासून बाबा पलंगावरच होते.

"आलास?"

"आलो."

"उशीर केलास."

"रोजचीच वेळ आहे, बाबा."

हे रोजचं. मग हात धुवायचे, सूप गरम करायचं, पाव दुधात कुस्करून भरवायचा, तोंड पुसायचं, गोळ्या द्यायच्या, कूस बदलून द्यायची. बाबांची कवळी त्यानंच केलेली होती, आणि तिच्याबाबत बाबांचा एक नेम होता. घरात परकं कुणी नसलं की ती वाटीत. मुलासमोर बोळक्यानं बसायला लाज नव्हती. पण दारात माणूस दिसलं की आधी हात वाटीकडे. शेजारच्या वहिनी दुपारी डोकावून जात, तर त्यांनाही म्हणे "जरा थांबा हां" म्हणून दाराबाहेर उभं करून ठेवत. ऐट गेली नव्हती म्हाताऱ्याची.

आता ती कवळी सैल झाली होती. वय झालं की हिरड्या आटतात, त्यात नवल काही नाही. बोलताना ती खाली यायची आणि टक् वाजायची. आतून एक थर भरला की झालं, लॅबमध्ये अर्ध्या दिवसाचं काम. बाबांनी किती वेळा सांगितलं होतं, आणि दातोबानंही तितक्याच वेळा उत्तर दिलं होतं: "सवड मिळाली की करतो."

सगळं आटोपलं की तो आतल्या खोलीच्या दाराशी खुर्ची ओढून बसायचा. करकरणारी जुनी खुर्ची. तिथून पलंगाचा पायथा दिसायचा, हाक ऐकू यायची, आणि फोन हातात घेता यायचा. दिवसातला हाच काय तो त्याचा स्वतःचा वेळ.

फोनवर 'पडदा' नावाचा ग्रुप होता. सिनेमाचे वेडे लोक. कोणता बघावा, कोणता बघू नये, कोण भंपक, कोण थोर, यावर हमरीतुमरी. एकमेकांची तोंडं कुणी पाहिलेली नव्हती. दातोबाचा तिथे दरारा होता. शेवट फोडायचा नाही हा ग्रुपचा एकुलता एक नियम त्यानंच घातलेला, आणि तो मोडणाऱ्यांना त्यानं हाताला धरून बाहेर काढलेलं होतं. कुणी एखाद्या सिनेमाला कंटाळवाणा म्हटलं की तो लिहायचा, "मध्यांतरापर्यंत थांबा. खरा सिनेमा नंतर आहे." हे इतक्यांदा लिहिलं होतं की लोक त्याची नक्कल करायचे.

आणि एक गोष्ट कुणालाच ठाऊक नव्हती. बाबा पडल्यापासून दातोबानं एकही सिनेमा पाहिलेला नव्हता. लावायचा आणि नावं येईस्तोवर मान खाली पडायची. सगळं जुन्या पुण्याईवर चाललं होतं. पण "मी हा पाहिलेला नाही" हे वाक्य त्याच्या बोटांतून उतरत नसे. मेला असता, पण तसं लिहिलं नसतं.

तर त्या संध्याकाळी रिळानं एक नाव टाकलं. रीळ म्हणजे एक निवृत्त ऑपरेटर, जन्मभर थिएटरच्या केबिनमध्ये काढलेला, मोजकं बोलणारा. त्यानं लिहिलं, "सवड. म्हातारा बाप, सांभाळणारा मुलगा, दोन खोल्या. संथ आहे. शेवट जड जातो. पाहिलाय कुणी?"

दातोबानं नाव कधी ऐकलं नव्हतं. पण अशा सिनेमात काय असणार ते काय सांगायला हवं? मुलगा शेवटी बापाला कुठेतरी ठेवून येतो, मागे सनई नाहीतर पियानो. त्यानं बेधडक ठोकून दिलं: "पाहिलाय. मध्यांतरापर्यंत थांबा. आणि लोक त्या मुलाला नावं ठेवतात, पण शेवटी तो जे करतो ते मला पटलं. त्याच्या जागी मी असतो तर तेच केलं असतं."

पटापट अंगठे आले. दातोबाला बरं वाटलं. आतून बाबांनी पाणी मागितलं, तो उठला.

२

एकदोन दिवसांत लोकांनी सिनेमा बघायला सुरुवात केली. दातोबा म्हणाला म्हटल्यावर बघणारच.

चष्मेवाला म्हणून एक होता, त्याचं चष्म्यांचं दुकान होतं आणि स्वभाव खोड्या काढायचा. त्यानं लिहिलं, "पहिल्या भागात काही म्हणजे काही घडत नाही हो. मुलगा येतो, हात धुतो, बापाला भरवतो. मी तर झोपलो असतो. पण दातोबांचा हुकूम, म्हणून बसलो."

नर्सबाईंचं उत्तर आलं. या खरोखरच्या नर्स, ड्युटीवरून आल्या की सिनेमे बघणाऱ्या. "मला तर आवाजांनीच धरून ठेवलं. ती खुर्ची, तो न बंद होणारा नळ. आणि त्या म्हाताऱ्याच्या कवळीचा आवाज! टक्. काय सुचलंय त्यांना. एवढ्या आवाजावरून कळतं की घरात दुर्लक्ष चाललंय."

दातोबानं ते वाचलं, आणि आतून आवाज आला. टक्.

योगायोग, दुसरं काय. कवळ्या साऱ्या जगात वाजतात. त्याच्याइतकं ते कुणाला ठाऊक? सैल कवळी दाखवायची म्हणजे आवाज आलाच. तो पुढचं वाचायला लागला आणि मग त्याच्या लक्षात आलं, की कवळी वाजायचं कारणच नाही. तासाभरापूर्वी त्यानं ती धुऊन वाटीत ठेवली होती. घरात कुणीही आलेलं नव्हतं.

तो आत गेला. बाबा उशीला टेकून बसले होते. केस हातानं चापूनचोपून बसवलेले, गळ्याचं बटण लावलेलं, तोंडात दात.

"काय झालं बाबा? कुणी आलं होतं का?"

"छे."

"मग कवळी कशाला?"

"असू दे रे," बाबा म्हणाले. टक्. बोलताना ते त्याच्याकडे बघत नव्हते. कपाट आणि खिडकी यांच्या मधला जो कोपरा, तिकडे बघत होते, आणि कुणी पाहुणा फार वेळ बसला की करावं तसं कसंनुसं हसत होते.

३

माणूस थकलेला असला की भलतंसलतं दिसतं, हे दातोबाला पटत होतं. त्यानं स्वतःला तेच बजावलं. पण ग्रुप काही थांबेना.

कुणी लिहिलं की मुलाच्या नखांतलं पांढरं पाहून आधी तो रंगारी वाटला होता. कुणाला न्हाणीच्या दाराला बांधलेली दोरी आवडली. बाबा हिंडतेफिरते असताना त्यांना धरायला म्हणून दातोबानं बांधली होती, तशीच. चष्मेवाल्याचं म्हणणं, कॅमेरा सगळा वेळ एकाच जागी ठेवलाय, कपाट आणि खिडकी यांच्या मधे, आणि हे जरा अतिच झालं. "आपण त्या घरात पाहुणे म्हणून आलोय आणि कुणी जा म्हणत नाही, असं वाटतं," असं नर्सबाईंनी लिहिलं.

दातोबा कोपऱ्यात गेला. भिंत हातानं चाचपली. फरशीवर थोडी धूळ, एक गळलेलं बटण, बाकी काही नाही. त्याला स्वतःचाच राग आला. अरे, ही सरळसरळ फिरकी आहे! कळलं असेल कुणाला तरी, की हा न पाहता ठोकतो. मग सगळ्यांनी ठरवून नाव बनवलं आणि आता मजा बघतायत. पण मग घर? यांच्यापैकी कुणी कधी घरी आलेलं नव्हतं. त्यानं कधी दोरीबद्दल सांगितलं होतं? सांगितलंही असेल. रोज संध्याकाळी इतकी वटवट करतो माणूस, काय काय बोलून जातो हे त्याचं त्यालाही आठवत नाही.

खात्री करून घ्यायला त्यानं एक केलं. बाबांच्या औषधांचं स्टूल पलंगाच्या उजव्या बाजूला असायचं, ते उचलून डावीकडे ठेवलं. ग्रुपवर चकार शब्द काढला नाही.

दुसऱ्या दिवशी चष्मेवाला आनंदानं उड्या मारत होता. दिग्दर्शकाच्या चुका पकडणं हा त्याचा आवडता उद्योग. "सापडली! दुसऱ्यांदा पाहिला, म्हणून सापडली. औषधांचं स्टूल आधी उजवीकडे आहे, पुढच्या प्रसंगात डावीकडे! एवढ्या थोर सिनेमात असली चूक? दातोबा, तुमच्या नजरेतून कशी सुटली?"

खाली हसणारे चेहरे आले. रिळानं तेवढं लिहिलं, "चूक नाही ती. तो मुद्दाम हलवतो. पुढे कळतं."

४

दातोबानं शेवटी नर्सबाईंना फोन लावला. आवाज ऐकून त्या चाटच पडल्या.

"दातोबा? तुम्ही? अहो, तुमचा आवाज अगदी त्या..." त्या थांबल्या आणि हसल्या. "बोला, बोला."

"तो 'सवड'... त्याचा शेवट मला जरा नीट आठवत नाही."

"काय सांगता!"

"आठवण करून द्या ना जरा. मुलगा शेवटी काय करतो?"

"वा! नियम तुमचा आणि मोडायला मला सांगताय? मागे मी एका सिनेमातला खुनी बोलून गेले तर मला आठवडाभर बाहेर बसवलंत. विसरले नाहीये मी." त्या खरंच मजेत होत्या. "परीक्षा घेताय माझी."

दातोबानं कपाळ पुसलं. आयुष्यात जे वाक्य कधी उच्चारलं नव्हतं ते आता बोलावं लागणार होतं, आणि ते इतकं जड जाईल असं त्याला वाटलं नव्हतं.

"बाई, मी तो पाहिलेलाच नाही."

पलीकडे कुठेतरी ट्रॉलीची चाकं वाजली.

"चेष्टा करता?"

"नाही हो. खरंच नाही पाहिला. उगाच लिहिलं. बाई, माझे वडील आजारी आहेत, मी त्यांना सांभाळतो, मला फक्त एवढं सांगा की शेवटी..."

"पण तुम्ही तर लिहिलं होतंत, ते तुम्हाला पटलं म्हणून." त्यांचा आवाज आता बदलला होता, पेशंटच्या नातेवाइकांशी बोलताना होत असेल तसा. "तुमच्या भरवशावर मी तो पूर्ण बघितला. शेवट बघून मला जेवण गेलं नाही. मी स्वतःला समजावलं, की दातोबांसारख्या माणसाला ज्याअर्थी पटलंय, त्याअर्थी काहीतरी असेल. न पाहताच पटलं? मग कसं काय पटलं तुम्हाला?"

दातोबा नखातलं प्लॅस्टर खरवडत राहिला.

"लिंक पाठवते," त्या म्हणाल्या. "तुम्हीच बघा. मी नाही सांगणार ते तोंडानं." आणि फोन ठेवला.

५

लिंक लॅबमध्ये असताना आली. जेवणाची सुट्टी होती. बाकीचे बाहेर गेले होते. समोर टेबलावर कुणाकुणाच्या कवळ्या ओळीनं वाळत पडल्या होत्या. दातोबानं फोन साच्याला टेकवून उभा केला आणि लिंक उघडली.

पडदा काळाच राहिला. त्यानं पुढे सरकवून पाहिलं, मागे नेलं, काळाच. पण आवाज येत होता. पंखा. नळाचे थेंब. दूर कुठेतरी गाडीचा भोंगा. कुठल्याही रिकाम्या खोलीचे असतात तसे आवाज, त्यावरून काही सिद्ध होत नाही, असं तो मनाशी म्हणतोय तोवर कवळी वाजली.

"या, या," बाबांचा आवाज आला. स्पष्ट, आदबशीर. "बसा. तिकडे सरकून घ्या, होईल जागा. मुलगा कामावर गेलाय. येईल तो संध्याकाळी."

मग कुणी काही विचारलं असावं, कारण बाबा थांबले. दातोबाला दुसरा आवाज ऐकू आला नाही. कितीतरी जण दाटीवाटीनं बसल्यावर कपड्यांची सळसळ होते, तेवढी झाली.

"नाही हो, वाईट नाही तो," बाबा म्हणाले. "थकलाय फक्त."

दातोबानं फोन उलटा टाकला. मग लगेच उचलून शेजारच्या वहिनींना लावला. त्यांनी जाऊन पाहिलं आणि सांगितलं, की बाबा एकटेच आहेत, व्यवस्थित आहेत, आज दात घालून छान तयार होऊन बसलेत, मला थांबासुद्धा म्हणाले नाहीत.

६

संध्याकाळी तो पलंगाच्या कडेवर बसला. बाबांचा हात हातात घेतला. असा हात धरून किती दिवस झाले होते? भरवताना, पुसताना, उचलताना हात लागायचे ते वेगळं.

"बाबा, खरं सांगा. तुम्ही दात कुणासाठी घालता?"

बाबांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की जणू हा वेड पांघरतोय. "एवढे लोक बसलेत आणि मी बोळक्यानं बसू? तुलाच कसं वाटेल?"

"कुठे आहेत लोक?"

"हळू बोल रे." टक्. "त्यांना सगळं ऐकू जातं."

दातोबा उठून बाहेरच्या खोलीत गेला आणि त्यानं ताईला फोन लावला. ही त्याची मोठी बहीण, दुसऱ्या गावी संसारात असलेली. बाबांना माझ्याकडे ठेव म्हणून ती मागेच लागली होती, आणि हाच दरवेळी फुशारकीनं नको म्हणायचा. मुलगा असताना बाप मुलीकडे कशाला, वगैरे. आज त्यानं नमस्कारचमत्कार केला नाही.

"ताई, बाबांना घेऊन जा."

"काय झालं? बरे आहेत ना?"

"बरे आहेत. मीच बरा नाही. मला भीती वाटते गं."

"कसली भीती?"

"माझीच," तो म्हणाला, आणि बोलून गेल्यावर त्याला रडू फुटलं.

ताईचा नेहमीचा दमदाटीचा सूर आला, आणि तो ऐकून त्याला लहानपणीसारखं हायसं वाटलं. "वेडा आहेस का? थकलायस तू. किती दिवस सांगतेय. उद्या सकाळी गाडी करून येते. ऐकतोस ना? एक रात्र काढ फक्त. आणि ती कवळी नीट करून ठेव आधी, गाढवा. जगाचे दात करतोस आणि बापाच्या घशात सैल कवळी."

"करतो," तो म्हणाला.

उद्या सकाळ. एवढंच काढायचं होतं.

७

त्यानं पाव कुस्करला, बाबांना वाटी दिली. आज मी माझ्या हातानं खातो म्हणाले. बरं म्हणून तो बाहेर येऊन खुर्चीत टेकला. जरासं बसायचं आणि उठायचं, असं ठरवून. फोन हातात घ्यायचा नाही असंही ठरवलं होतं, पण हात आपोआप गेला.

चष्मेवाला लिहीत होता. आज गंमत नव्हती त्याच्या लिहिण्यात. "तिसऱ्यांदा पाहिला. तो खुर्चीचा प्रसंग परत बघवत नाही. आत बाप खोकतोय, कवळी वाजतेय, आणि हा दाराशी फोन बघत बसलाय. त्याला ऐकू येतंय. आपल्याला दिसतं की त्याला ऐकू येतंय. तरी उठत नाही."

आत बाबा खोकले.

खोकला थांबला आणि कवळी वाजायला लागली, टक् टक् टक् टक्, बोलणं नाही, नुसतीच. पलंगाच्या पायथ्याशी बाबांची पावलं चादरीत खुडबुडताना दिसत होती. मग कवळीही थांबली.

दातोबाला सगळं कळलं होतं. काय अडकलंय, कुठे अडकलंय, किती वेळ आहे, सगळं. आणि तरी तो बसून होता. पाय उचलत नव्हते. आणि लाज वाटण्यासारखी गोष्ट ही, की ती जी शांतता होती ती त्याला आवडली. कुणी हाक मारत नव्हतं. काही आणायचं नव्हतं. पुसायचं नव्हतं. कितीतरी दिवसांनी घरात असं गप्प झालं होतं. आणखी थोडा वेळ, एवढंच त्याच्या मनात आलं.

मग त्याला कोपऱ्यातून सळसळ ऐकू आली. पुष्कळ जण एकदम पुढे वाकल्यासारखी.

"नाही!" तो ओरडला आणि उठला. खुर्ची मागे आपटली. बाबांचा चेहरा काळानिळा झाला होता. त्यानं त्यांना पुढे वाकवलं, घशात दोन बोटं घातली, जन्मभर ज्या बोटांनी दात रोवले त्याच बोटांनी ती कवळी पकडली आणि पावाच्या लगद्यासकट ओढून काढली. बाबांनी श्वास घेतला. मग दुसरा. मग त्याच्या शर्टाला धरून लहान मुलासारखे रडायला लागले, आणि तोही रडला.

"नाही जमलं तुम्हाला," तो कोपऱ्याकडे बघून म्हणाला. "उठलो मी. बघितलंत? उठलो!"

कोपऱ्यात काही नव्हतं.

८

बाबा शांत पडले होते. गाल आत गेलेले, चेहरा पार लहानगा झालेला. दातोबाच्या एका हातात कवळी होती, ती त्यानं तशीच धरून ठेवली होती.

"उद्या ताई येतेय," तो म्हणाला. "आणि ही मी नीट केल्याशिवाय घालायची नाही. कळलं?"

बाबांनी मान हलवली. मग कोपऱ्याकडे पाहिलं. "गेले वाटतं."

"कोण?"

"सगळे. उठून गेले. जरा पाय मोकळे करायला."

दातोबाला इतकं हलकं वाटलं की त्यानं बाबांच्या कपाळावर हात ठेवला. फोन जमिनीवर पडला होता, तो त्यानं दुसऱ्या हातानं उचलला. ग्रुपवर कुणी नवीन माणूस आला होता आणि विचारत होता: "आताच बघतोय. तो उठतो, कवळी ओढून काढतो, बाप वाचतो. छान वाटलं. पण हा तर सुखान्त झाला. सगळे शेवट जड म्हणून काय म्हणत होते?"

खाली रिळाचं उत्तर होतं. "अहो, तो शेवट नव्हे. ते मध्यांतर. दातोबांनी सांगितलंय ना, खरा सिनेमा नंतर आहे."

त्याखाली अंगठे येत होते. एकामागून एक, थांबतच नव्हते.

दातोबा उभा राहिला. ताईला फोन करावा, आत्ताच ये म्हणावं, बाबांना उचलून शेजारी वहिनींकडे न्यावं. सगळं करता येण्यासारखं होतं. ते करायला किती उचलाउचल, किती बोलणं, किती जणांना काय काय समजावून सांगणं, याचा त्यानं विचार केला आणि त्याचे खांदे खाली आले.

"दे रे," बाबा म्हणाले.

"काय देऊ?"

"दात दे माझे." बाबांनी घाईघाईनं गळ्याचं बटण लावलं, केसांवरून हात फिरवला. "आले ते."

"नाही बाबा. आत्ता तुम्ही गुदमरला होतात. उद्या."

"दे म्हणतो ना. एवढ्या लोकांत असा बसू का मी? एवढं एक ऐक माझं. आणि भूकही लागलीय. तो राहिलेला पाव दे इकडे, तोंडात दात असले की खाईन मी."

नाही म्हणायचं होतं, बस. एकदा. पण मग बाबा परत मागणार होते, त्याला परत नाही म्हणावं लागणार होतं, मग ते रडणार, मग त्यांना समजवायचं, आणि अजून सकाळ व्हायची होती. दातोबानं कवळी नळाखाली धरली. शर्टाला पुसली. अंगठ्यानं आतून चाचपली. बराच सैलपणा होता, त्याच्याइतका तो कुणाला कळला असता?

त्यानं ती बाबांच्या तळहातावर ठेवली, आणि वाटी मांडीवर.

टक्.

"आता तू जा, बस तुझ्या जागेवर," बाबा म्हणाले आणि कोपऱ्याकडे बघून अदबीनं हसले. "मधे उभा राहू नकोस. त्यांना दिसत नाही."

दातोबा बाहेर आला. आडवी पडलेली खुर्ची उचलून त्यानं दाराशी होती तशीच लावली आणि बसला. पाय इतके दुखत होते, की बसल्यावर त्याला खरोखर बरं वाटलं.